फोर्क बदलायच्या आधी एकदा उघडून बघा

“काका, शॉकअप गेलं. नवीन कुठलं घेऊ?” पावसाळा संपला की हा प्रश्न घेऊन पोरं येतात. माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम आहे. सायकल हा धंदा नव्हे, नाद आहे. पण व्हर्नियर, टॉर्क रेंच आणि बसायला स्टूल एवढं दुकानात असल्यामुळे माउंटन बाइकवाले हक्कानं येतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी उघडू, मग बोलू. कारण आलेल्यातले बहुतेक फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, गेलेले नसतातच, कोरडे पडलेले असतात. आणि कोरड्या फोर्कला कंटाळून नवा घेणारा माणूस नवाही तसाच कोरडा पाडतो.

आपल्याकडं कोरडं पडायला कारणंही भरपूर. जुलै-ऑगस्टात पन्हाळ्यावरून मसाई पठारावर सायकल घातली की तांबडा चिखल फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर चढतो. तो वाळला की जांभ्याची बारीक पूड होते आणि नळीभोवतीच्या रबरी सीलच्या ओठात जाऊन बसते. चैत्रात जोतिबाला गेलात तर गुलाल. गुलाल बोटाला मऊ लागतो म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण सीलखाली गेला की तेलात कालवून गुलाबी चिकटा होतो. एकदा लोअर, म्हणजे नळ्या ज्यात सरकतात ते फोर्कचे खालचे पाय, धुताना ताटात तो रंग उतरलेला बघितला की माणूस आयुष्यभर डोंगर उतरण्याआधी नळ्या पुसतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं चालवलेली सायकलही काही कमी धूळ खात नाही.

गेलाय की कोरडा पडलाय?

सायकल सपाट जागी उभी करा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर दोन्ही हातांनी हळूहळू वजन टाका. चांगला फोर्क वजन पडताक्षणी हलायला लागतो. तुमचा आधी अडून बसत असेल आणि मग एकदम खट्‌कन खाली जात असेल, तर नळी आणि सील यांच्यामध्ये वंगण उरलेलं नाही. हे सर्व्हिसचं काम, नव्या फोर्कचं नव्हे.

आता ब्रेक तसाच दाबून सायकल पुढं-मागं हलवा. खटखट जाणवली की लगेच “प्ले आलाय” म्हणून मोकळे होऊ नका, ती कुठली ते शोधा. एक बोट हेडसेटचा (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा) खालचा कप आणि फोर्कचा क्राउन (दोन्ही नळ्या वर जोडणारा भाग) यांच्या फटीवर ठेवून हलवा. मग बोट सील आणि नळी भेटतात तिथं ठेवून हलवा. ज्या जागी बोटाला हालचाल कळते तिथला दोष. हँडल काटकोनात वळवूनही खटखट तशीच राहिली तर ती बहुधा हेडसेटची, म्हणजे स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल करून वरचा बोल्ट थोडा आवळला आणि बाजूचे पुन्हा आवळले की भागतं. काही ब्रेकचे पॅडसुद्धा कॅलिपरमध्ये किंचित हलतात, त्या आवाजावर खर्च करू नये. प्ले खरोखर लोअरच्या आतल्या बुशमध्ये (नळी ज्यात सरकते त्या कड्यात) असेल, तर मात्र फोर्क म्हातारा झाला. मी टर्नर असून सांगतो, हे बुश घरी ठोकून बदलायच्या फंदात पडू नका. एका पायात दोन बुश एका रेषेत आणि नेमक्या मापात बसावे लागतात, त्याची हत्यारं वेगळी.

तिसरी गोष्ट नळ्यांची, म्हणजे ज्या चकचकीत भागाला स्टँचियन म्हणतात त्याची. चिंधीनं पुसून त्यावर नख फिरवा. ओरखडा दिसतो पण नख अडत नाही, तर सोडून द्या. नख अडत असेल तर त्या खाचेतून प्रत्येक दाबाला तेल बाहेर आणि माती आत जाणार. एखादीच खाच असेल तर बारीक पॉलिश पेपरनं कडा मारून पारदर्शक नेलपॉलिशनं भरता येते, दिवसभर वाळू द्यायची आणि मग पुन्हा पॉलिश पेपरनं नळीच्या पातळीत आणायची. उद्यमनगरात हार्ड क्रोम करून मिळतं म्हणून कुणी मोटारसायकलच्या नळीप्रमाणं तेही सुचवेल. त्या वाटेला जाऊ नका. चांगल्या फोर्कची नळी ॲल्युमिनियमची, वर ॲनोडायझिंग केलेली असते, आणि मापात थोडा जरी फरक पडला तरी सील-बुशचं गणित बिघडतं. स्वस्त फोर्कची नळी लोखंडी असते, तिच्यावर एवढा खर्च करायचा तर त्यात दुसरा फोर्क येईल.

साधा स्प्रिंगचा फोर्क

आपल्या गावातल्या बहुतेक सायकलींना हाच असतो: एका पायात स्प्रिंग, दुसऱ्यात लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) किंवा नुसताच दांडा. याला लोक फार नावं ठेवतात. जड असतो हे खरं, आणि स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायला बहुतेकांत नीट डॅम्पिंग नसतं हेही खरं. पण उघडायला हा सगळ्यात सोपा, आणि पहिली सर्व्हिस शिकायची तर यावरच शिका.

पुढचं चाक काढा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर सोडवून दोरीनं वर बांधा, होजला लटकू देऊ नका. पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, म्हणजे चुकून लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येणार नाहीत. वरची प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) टोपी उणे दिशेला पूर्ण सैल करा. मग पायांच्या तळाशी दोन बोल्ट किंवा नट दिसतील, कुठं ॲलन की लागते, कुठं पाना. ते काढून लोअर सरळ खाली ओढायचे. अडले तर डावा-उजवा थोडं हलवत ओढा, पण स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका.

कॉलेजच्या एका पोराचा असाच फोर्क उघडला होता. “हा दगड झालाय, काका.” लोअर ओढले तर आधी चमचाभर तांबूस पाणी टेबलावर आलं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर गंज, आणि ग्रीस म्हणून जे काही होतं ते सीलखालच्या इंचभर जागेत तपकिरी खडे होऊन बसलेलं. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. नळ्या मात्र शाबूत होत्या, नख कुठंच अडत नव्हतं. धुऊन, पुसून, ग्रीस लावून जोडला. पोरानं हँडलवर हात टेकला आणि फोर्क इतक्या सहज खाली गेला की त्यानं दचकून हात काढला. ज्या पैशात तो नवा फोर्क घेणार होता त्यातून त्यानं पुढचा टायर बदलला, आणि शहाणपणा केला.

धुण्याबद्दल एक सांगतो. गॅरेजमध्ये आपण सगळं डिझेल-पेट्रोलात बुडवतो. लोखंडी स्प्रिंगला ते चालेल, पण सील, ओ-रिंग आणि प्लास्टिकच्या बुशला नको, रबर फुगतं. मेडिकलमधून किंवा केमिकलच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा आणि बनियनच्या स्वच्छ चिंध्या वापरा. धागे सुटणारं कॉटन वेस्ट नको, एक धागा सीलखाली अडकला तरी तेलाला वाट मिळते. लोअरच्या आत काठीला चिंधी गुंडाळून तळापर्यंत पुसा, चिंधी पांढरी निघेपर्यंत.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगचं घालू नका. ते जड असतं आणि फोर्क पुन्हा अडायला लागतो. सस्पेन्शनचं ग्रीस वेगळं मिळतं, लोण्यासारखं मऊ. ऑनलाइन मागवावं लागतं, पण एक डबी खूप काळ पुरते. सीलच्या ओठाच्या आतल्या बाजूला सगळीकडून, बुशच्या आत पातळ थर, आणि स्प्रिंगला बाहेरून जरा सढळ हातानं, म्हणजे ती नळीवर घासून वाजत नाही. आणि काही झालं तरी नळ्यांवर डब्ल्यूडी-४० मारू नका. क्षणभर फोर्क मऊ वाटतो, कारण आतलं उरलंसुरलं ग्रीस विरघळून वाहून जातं.

एअर फोर्क: लोअरची सर्व्हिस

एअर फोर्कमध्ये स्प्रिंगचं काम हवा करते. रॉकशॉक्स कंपनी लोअरची सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते. फॉक्सचं म्हणणं १२५ तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते. दर रविवारी अडीच तास चालवणाऱ्याचे ५० तास वीस रविवारांत भरतात. म्हणून मी सगळ्यांना वर्षातून दोनदा सांगतो: मे महिन्यात पावसाआधी, आणि नवरात्रात. खंडेनवमीला आमच्याकडं लेथ, ड्रिल, पाने सगळं धुऊन-पुसून पूजेला मांडतो. सायकलही तिथं येणारच असते, मग आतून-बाहेरून स्वच्छ होऊनच येऊ दे.

आधी हवेचा आकडा लिहून ठेवा. मग डाव्या पायाच्या वरची टोपी काढून व्हॉल्व्हची पिन हळूहळू दाबा, सगळी हवा जाऊ द्या. फोर्क दोन-चार वेळा दाबून पुन्हा पिन दाबा, शिल्लक राहिलेलीही जाईल. हवा भरलेली असताना कुठलाही बोल्ट किंवा टोपी उघडायची नाही. या एका गोष्टीत मी कुणाशी वाद घालत नाही. ७०-८० पीएसआयवर उडालेली टोपी डोळ्यावर बसली तर दवाखानाच आहे.

उजव्या पायाच्या तळाला रिबाउंडची, म्हणजे फोर्क परत वर येण्याचा वेग ठरवणारी, खुंटी असते. ती आधी काढा, काही नुसती ओढून निघतात, काहींना बारीक ॲलन की लागते. मग दोन्ही तळाचे बोल्ट तीन-चार आटे सैल करा, पूर्ण काढू नका. आता बोल्टच्या डोक्यावर की लावून रबरी हातोडीनं एकेक नेमका ठोका द्या. आतला दांडा लोअरमधून सुटल्याचं हाताला कळतं, कारण बोल्ट डोक्यापर्यंत आत जातो. दोन्ही सुटले की बोल्ट पूर्ण काढा, खाली ताट ठेवा आणि लोअर ओढा. ताटात काय येतं ते नीट बघा. सोनेरी-तपकिरी तेल आलं तर फोर्क सुखात आहे. राखाडी आलं तर बुश झिजायला लागलेत. दुधाळ आलं तर पाणी शिरलंय. काहीच आलं नाही, तर तुम्ही बराच काळ नुसत्या नशिबावर डोंगर उतरत होता.

सीलखाली एक फोमची रिंग असते. नळीला तेल पुरवत राहणं हे तिचं काम. ती टोकदार काडीनं अलगद काढून अल्कोहोलमध्ये पिळून धुवा, वाळवा आणि ताज्या तेलात बुडवून पुन्हा बसवा. तासभर भिजली तर उत्तम. प्रत्येक सर्व्हिसला सील बदलायची गरज नसते. ओठ फाटलेला, कडक झालेला किंवा नळीवर तेलाचे ओघळ येत असतील तरच बदला. नळीवर पातळ तेलकट वलय दिसणं हे गळणं नव्हे, ते असायलाच हवं.

सील बदलायचं झालं तर मात्र माझ्या आवडीचं काम येतं. जुनं सील टायर लिव्हरनं किंवा मोठ्या पान्याच्या गोल टोकानं उचकतात, खाली लोअरच्या कडेवर चिंधीची घडी ठेवून. चांगल्या फोर्कचे लोअर मॅग्नेशियमच्या कास्टिंगचे असतात. उघडा स्क्रू ड्रायव्हर घातलात तर कडेला टवका उडतो आणि नवं सील तिथं कधीच नीट बसत नाही. नवं सील बसवायला सील ड्रायव्हर विकत मिळतो, पण कोल्हापुरात राहून तो विकत घ्यावा असं मला वाटत नाही. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर नायलॉनच्या रॉडमधून करून घ्या. पायरीचा बुश सांगायचा: पुढचा भाग सीलच्या आतल्या व्यासात अलगद जाईल इतका, ३२ मिमी नळीच्या फोर्कला ३२ पेक्षा जरासा कमी, आणि मागचा खांदा सीलच्या बाहेरच्या कडेवर पूर्ण टेकेल इतका. सील बरोबर घेऊन जा, टर्नर स्वतः माप घेईल. फक्त “पुढच्या कडा मार” हे आठवणीनं सांगा, नाहीतर नायलॉनची धार सीलचा ओठ कापते. हा बुश सीलवर ठेवून वरून ठोकलं की सील सरळ बसतं. एका बाजूनं आधी बसलं तर तिथंच थांबा, काढा, पुन्हा सुरू करा. तिरक्या सीलला ठोकून सरळ करता येत नाही.

जोडताना सीलच्या आत ग्रीस लावा, लोअर नळ्यांवर अर्धे सरकवा आणि दोन्ही सीलचे ओठ आत दुमडले नाहीत ना ते बोटानं तपासा. मग फोर्क उलटा तिरका धरून तळाच्या भोकांतून इंजेक्शनच्या सिरिंजनं तेल घाला. एका पायात साधारण ५ ते १० मिली लागतं, काही मॉडेलना त्याहून जास्त. नेमका आकडा आणि तेलाची ग्रेड मॉडेलच्या पुस्तिकेत असते आणि दोन पायांचं प्रमाण वेगळंही असू शकतं. “थोडं जास्त घातलं तर चांगलंच” हा आपला स्वयंपाकघरातला न्याय इथं लावू नका. जास्त तेलानं आतली हवेची जागा कमी होते आणि फोर्क शेवटपर्यंत दबतच नाही. तेल घातल्यावर लोअर पूर्ण दाबा, भोकांतून दांड्याचे आटे दिसले की नवे वॉशर घालून बोल्ट लावा. रॉकशॉक्सचे हे बोल्ट साधारण ७ न्यूटन-मीटरला आवळतात. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे.

हवा, सॅग आणि रिबाउंड

हवा भरायला शॉक पंपच लागतो. टायरच्या पंपात हवेचं माप मोठं असतं, एका झटक्यात वीस पीएसआय इकडं-तिकडं होतात. आधी ५० पीएसआयपर्यंत भरा, पंप काढा, फोर्क आठ-दहा वेळा हळू दाबा, म्हणजे आतल्या पॉझिटिव्ह (मुख्य) आणि निगेटिव्ह (उलट बाजूनं दाब देणाऱ्या) कप्प्यांत हवा सारखी होते. मग पुन्हा पंप लावून पाहिजे तो आकडा गाठा. पंप काढताना फिस्स आवाज येतो आणि नवखे घाबरतात. ती फोर्कची नव्हे, पंपाच्या नळीतली हवा. उलट “बघू किती भरलीय” म्हणून पंप पुन्हा लावला की नळी भरायला फोर्कमधलीच थोडी हवा जाते आणि आकडा कमी दिसतो. त्यावरून फोर्क गळतोय असा निष्कर्ष काढून माझ्याकडं येऊ नका. येतात लोक.

आकडा किती, हे फोर्कवरच्या स्टिकरवर वजनाप्रमाणं दिलेलं असतं, पण ती फक्त सुरुवात. खरं माप सॅगचं: तुम्ही सायकलवर उभे राहिल्यावर फोर्क किती बसतो ते. हेल्मेट, पाण्याची बॅग, बूट सगळं चढवून मोजा. नळीवरची ओ-रिंग सीलपर्यंत खाली सरकवा. ती नसेल तर एक झिप टाय सैलसर बांधा. कुणाला तरी सायकल धरायला सांगून पेडलवर, उतरताना उभे राहता तसे उभे राहा, उड्या न मारता, आणि हळू उतरा. १०० मिमी ट्रॅव्हलच्या, म्हणजे एकूण तेवढा दबणाऱ्या, फोर्कला १५ ते २० मिमी सॅग असेल तर क्रॉस कंट्रीला ठीक, जास्त उतार चालवणाऱ्यांनी २५ पर्यंत जावं. सॅग कमी निघाला तर हवा काढा, जास्त निघाला तर घाला, एका वेळी ५ पीएसआय, आणि पुन्हा मोजा.

खूप पोरं फोर्क टणक ठेवतात, चढाला बरं पडतं म्हणून. मग उतरताना दगडावर चाक उसळतं, आणि जांभ्याच्या ओल्या पायऱ्यांवर उसळलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं. सस्पेन्शन हे बुडाच्या सुखासाठी नसतं, चाक जमिनीला चिकटून राहावं म्हणून असतं. एवढं ध्यानात राहिलं की बाकी सगळे निर्णय आपोआप सुटतात.

रिबाउंडची खुंटी म्हणजे दबलेला फोर्क किती वेगानं परत येतो त्याचा नळ. रॉकशॉक्सवर एका बाजूला ससा, दुसऱ्या बाजूला कासव काढलेलं असतं. मधोमध ठेवून सुरू करा. फुटपाथवरून बसल्या-बसल्या हळू उतरा. फोर्क दबून एकदा वर आला आणि स्थिरावला तर बरोबर. वर येऊन पुन्हा डोललात तर कासवाकडं एक-दोन क्लिक. पण फार मंदही करू नका. लागोपाठ दगड आले की मंद फोर्क एका दगडानंतर पूर्ण वर यायच्या आत दुसरा दगड येतो, आणि पाच-सहा दगडांनंतर ट्रॅव्हलच उरत नाही. हात बधिर होण्यामागं बऱ्याचदा टणक स्प्रिंग नसते, हे असतं.

सॅग बरोबर असूनही फोर्क वरचेवर तळाला आदळत असेल, तर हवा वाढवण्याऐवजी आत टोकन घालता येतं. प्लास्टिकचा ठोकळा असतो तो, हवेची जागा कमी करतो आणि शेवटचा भाग कडक होतो. सगळ्याच फोर्कला चालत नाही. चालत असेल तर अपग्रेडमध्ये याहून स्वस्त काही नाही. उघडण्याआधी हवा काढायची, हे पुन्हा सांगतो.

मागचा शॉक

थोडक्यात सांगतो, कारण गावात मागं खरा शॉक असलेल्या सायकली मोजक्याच. एअर कॅन उघडून साफ करणं, सील किट बदलणं घरी जमतं. हवा काढल्यावरही शॉक दबून तसाच अडकून बसला असेल, तर आत निगेटिव्ह कप्प्यात हवा कोंडलेली आहे. तो उघडू नका, जाणकाराकडं द्या. डॅम्परच्या (उसळी आवरणाऱ्या भागाच्या) बाजूला तर हातच लावू नका, तिथं बऱ्याच मॉडेलमध्ये मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो. शॉक फ्रेमला जोडतात तिथल्या बुश आणि स्पेसरची रुंदी मात्र व्हर्नियरनं मोजून लेथवर झकास बनवता येते, ॲल्युमिनियममध्ये.

आणि सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या त्या जड लोखंडी डबल शॉकरच्या सायकली? मधे नुसती स्प्रिंग, डॅम्पर नाही. त्यावर एक रुपयाही अपग्रेडला घालू नका. बुशला ग्रीस लावा आणि चालवा.

आता नवीन घ्यायचं बोलू

सर्व्हिस झाली, सॅग लावला, टायरची हवा कमी-जास्त करून बघितली, तरी डोंगर उतरताना फोर्क पुरेनासा वाटतो. मग घ्या, हरकत नाही. स्प्रिंगवरून एअर फोर्कवर गेलात की किलोभर वजन कमी होऊ शकतं आणि तुमच्या वजनाप्रमाणं लावता येतो, हा फरक खरा आहे. सनटूरचा एक्ससीआर एअर किंवा रायडॉन, रॉकशॉक्सचा जुडी किंवा रिकॉन या पायरीपासून बघायला लागा. जुडीची नळी ३० मिमी, रिकॉनची ३२. तुम्ही अंगानं भरलेले असाल किंवा उड्या मारत असाल तर ३२ घ्या. पण फोर्कची किंमत सायकलच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर तो पैसा बाजूला ठेवून पुढं चांगली सायकलच घ्यावी असं माझं स्पष्ट मत.

मागवण्याआधी मापं घ्या, कारण परत पाठवायच्या भानगडीत निम्मा हुरूप जातो. सगळ्यात आधी हेड ट्यूब, म्हणजे फोर्क जिच्यात बसतो ती फ्रेमची पुढची नळी. जुन्या आणि स्वस्त फ्रेमला सरळ स्टीअरर (फोर्कची वर जाणारी दांडी) लागतो, वरून खालपर्यंत २८.६ मिमी. नवे चांगले फोर्क बहुतेक टेपर्ड, खाली जाड. हेडसेटचे कप काढून ट्यूबचा आतला व्यास मोजा. ३४ मिमीच्या आसपास असेल तर फक्त सरळ स्टीअरर. ४४ असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड बसवता येतो. ट्यूब बोअर करून मोठी करायला माझ्याकडं येऊ नका. मशीन आहे, तयारी नाही. ती भिंत पातळ झाली तर काय होतं ते उतारावर कळतं.

मग हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. तुमच्या चाकाला ९ मिमीचा क्विक रिलीज आहे की १५ मिमीचा थ्रू ॲक्सल (हबमधून आरपार जाणारा जाड आस)? थ्रू असेल तर १०० मिमी रुंद की ११० मिमीचा बूस्ट? फोर्क बूस्ट आला आणि हब जुना, तर चाकही नवं बांधावं लागतं. तो खर्च आधीच धरा. ब्रेकचं माउंट आणि रोटरची साइज जुळते का बघा. व्ही-ब्रेक असतील तर नव्या फोर्कला त्याच्या खुंट्या बहुधा नसतातच, म्हणजे पुढं डिस्क ब्रेकही घ्या.

ट्रॅव्हलचा मोह सगळ्यांना. रॉकशॉक्स १९८९ साली सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या आरएस-१ फोर्कला जेमतेम ४८ मिमी ट्रॅव्हल होता, आणि लोक त्यावर शर्यती मारत होते. तुमची फ्रेम १०० मिमीसाठी बनली असेल तर १०० च घ्या, फार तर १२०. फोर्क २० मिमी उंच झाला की हेड अँगल (हेड ट्यूबचा कोन) अंदाजे एक अंशानं झोपतो. उतरताना ते बरं वाटतं, पण जोतिबाच्या चढाला पुढचं चाक भरकटायला लागतं. त्याहून उंच गेलात तर हेड ट्यूबच्या वेल्डवर ताण वाढतो आणि कंपनीची वॉरंटीही जाते.

सेकंडहँड घेत असाल तर पहिला प्रश्न स्टीअररच्या लांबीचा. आधीच्या मालकानं आपल्या फ्रेमला मोजून कापलेला असतो. तुमची हेड ट्यूब, हेडसेट, स्पेसर आणि स्टेमची उंची मिळून लागते तेवढी लांबी नसेल, तर फुकट दिला तरी घेऊ नका. नळ्या नखानं तपासा, क्राउनच्या मुळाशी चीर आहे का ते दिव्याच्या उजेडात बघा.

बसवताना स्टीअरर कापायच्या आधी सगळं सुकं जोडून खूण करा, मग त्या खुणेपासून ३ मिमी कमी ठेवून कापा, म्हणजे वरची टोपी स्टेमला दाबू शकेल. पहिल्यांदा बसवत असाल तर एक स्पेसर जास्त धरून कापा. लांब राहिलेला पुन्हा कापता येतो. क्राउन रेस (खालच्या बेअरिंगची फोर्कवर बसणारी कडी) पूर्ण टेकली का ते बघा, टेपर्डला ती ३९.८ मिमीची, सरळला ३० ची, म्हणून सरळवरून टेपर्डवर गेलात तर जुनी चालणार नाही. वरच्या टोपीचा बोल्ट हेडसेटचा प्ले काढण्यापुरताच आवळा आणि मग स्टेमचे बाजूचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरला. क्रम उलटा केला तर टोपी कितीही आवळा, प्ले जात नाही.

पहिली फेरी लांब नको. कात्यायनीच्या देवळापर्यंत जा, दोन-चार ठिकाणी जोरात ब्रेक मारा, परत या. नवा हेडसेट बसतो तेव्हा हमखास किंचित सैल होतो, घरी आल्यावर बोटाची परीक्षा पुन्हा करून आवळा. ॲक्सल, कॅलिपरचे बोल्ट आणि हवेचा आकडा तपासा, आणि तो आकडा या वेळी सायकलच्या फ्रेमवर आतल्या बाजूला मार्करनं लिहा. वहीत लिहिलेला ऐन वेळी सापडत नाही.